लॅपटॉपला साजूक तूप

॥ श्री ॥
वैराग, ३ एप्रिल २०२५

चि. पृथ्वीराज यास,
आत्याचे अ. उ. आ. वि. वि.

पाडव्याला तू आला नाहीस. स्कूटरवरून पडलास आणि पाय प्लास्टरात आहे, असं नागनाथने सांगितलं. तुझ्या वाटणीच्या पोळ्या मी खाल्ल्या, त्यांची काळजी करू नकोस. पाय मात्र जप. लहानपणीसुद्धा तू सपाट जमिनीवर पडायचास, तुला खड्डा कधी लागला नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. माझा आवाज तुला ठाऊक आहे. सारा जन्म अंगणवाडीतल्या पोरांवर ओरडण्यात गेला. आता मी कानात कुजबुजले तरी एसटी स्टँडवरचे लोक मान वळवतात. व्हॉट्सॲप म्हणशील तर ते माझ्या फोनवर सुनेनेच घालून दिलं, आणि आलेला निरोप उघडूनही तीच देते. आणि गोष्ट आहे तिचीच. म्हणून कागद घेतला. पोस्टमन येडू पत्र माझ्याच हातात देतो, तशी त्याला ताकीद आहे. तो माझ्या अंगणवाडीतला, अजून मला घाबरतो.

तर वैष्णवी घरी बसून लॅपटॉपवर चादरींची नक्षी काढते, हे तुला माहीत आहे. सोलापूरच्या एका कारखान्याने तिला उमेदवारीवर घेतलं आहे. ती इथे फुलं-पानं काढते, तिथे मागावर ती विणली जातात. हात चांगला आहे पोरीचा. तिच्या तोंडावर मी असं म्हणत नाही, तो भाग वेगळा. पण लॅपटॉप तापतो. नक्षी मोठी झाली की आतला पंखा गिरणीसारखा ओरडतो, खालून हात लावला तर तव्याची आठवण होते, आणि मग पडदा काळा. केलेलं काम गेलं. कारखान्यात नक्षीचं खातं सांभाळणाऱ्या महेश्वरी मॅडम म्हणून आहेत. त्या म्हणाल्या, महिनाअखेर बघू. घरचं यंत्र भरवशाचं नसेल तर सोलापूरला येऊन कारखान्यातल्या यंत्रावर बसायचं. म्हणजे हिने कुंभारीला माहेराजवळ खोली घ्यायची, नागनाथनेही इथलं खताचं दुकान मोडून तिकडेच काही बघायचं. मग वैरागच्या घरात मी आणि मांजर.

मला काय, जायचं त्याने खुशाल जावं. मी कुणाचा पदर धरून बसणारी बाई नव्हे. पण यंत्राला उष्णता झाली म्हणून घर हलवायचं, हे मला पटत नाही. उष्णतेवर उपाय असतात. मी ओला पंचा खाली घालून पाहिला, तांब्याच्या परातीत ठेवून पाहिला, ऊन बाधू नये म्हणून पिशवीत कांदाही टाकला. कांदा कुणी ठेवला असं वैष्णवीने विचारलं, तेव्हा मी मांजराकडे बघितलं. दुरुस्तीला दुकानात टाक म्हटलं तर ती एक दिवसही यंत्र सोडायला तयार नाही, रोज काम पाठवावं लागतं म्हणते. तू सोलापुरात लॅपटॉपच दुरुस्त करतोस ना? मग आत काय होतंय आणि त्याला काय लावायचं, ते मला समजेल असं लिही. वैष्णवीला यातलं काही कळवू नकोस. सासू आपल्यासाठी धडपडते असं दिसलं की सुना डोक्यावर बसतात.

कळावे. लोभ आहे म्हणूनच हक्काने लिहिते आहे.

तुझी आत्या
सोजरबाई


सोलापूर, ७ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
पृथ्वीराजचा कृ. सा. न. वि. वि. (पाय वाकत नसल्याने साष्टांग मनातल्या मनात घातला आहे.)

तुझं पत्र पोचलं. खड्डा होता, आत्या. सोलापूरच्या रस्त्याला खड्डा नव्हता असं म्हणणारी साऱ्या जिल्ह्यात तू एकटीच निघशील. डॉक्टर अजून महिनाभर पाय टेकू देत नाहीत. दुकान माझा भागीदार इसूफ सांभाळतो आणि मी खाटेवर बसून भिंतीवरच्या पालीशी गप्पा मारतो. नाहीतर वैरागला येऊन एका दुपारीत काम उरकलं असतं.

आता तुला समजेल असं सांगतो. लॅपटॉपच्या पोटात एक चौकोनी चिप असते. सगळा विचार तीच करते, म्हणून तापते. तिच्या डोक्यावर तांब्याचा पत्रा बसवलेला असतो. तो तिची उष्णता ओढून घेतो आणि पंखा ती बाहेर फेकतो. चिप आणि पत्रा दोन्ही दिसायला गुळगुळीत, पण खरं तर बारीक खडबडीत. मध्ये हवा अडकली की उष्णता नीट पुढे सरकत नाही. म्हणून दोघांच्या मध्ये एक पेस्ट लावलेली असते. तुला आठवतं, मला उष्णता झाली की तू तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासायचीस? नुसती वाटी घासून भागत नाही, मध्ये तूप लागतंच. तसंच हे. चिप म्हणजे तळपाय, पत्रा म्हणजे वाटी आणि पेस्ट म्हणजे तूप. काही वर्षांनी त्या पेस्टची वाळून खपली होते आणि वाटी कोरडीच घासली जाते. वहिनीच्या लॅपटॉपचं हेच झालं असणार.

पेस्ट निवडतानाही लोक फसतात. आपल्याला करड्या रंगाची, वीज न वाहणारी साधी पेस्ट हवी. ती सुई नसलेल्या इंजेक्शनसारख्या नळीत मिळते. दुसरी एक पाऱ्यासारखी चमकणारी, पातळ धातूची असते. ती जास्त गार करते म्हणून पोरं तिच्यावर भाळतात, पण तिच्यातून वीज वाहते. एक थेंब बाजूला ओघळला की यंत्र कायमचं झोपलं. ती नको. आणि कुणी काही सांगो, टूथपेस्ट, व्हॅसलीन, चंदन, डोकेदुखीचं मलम, यातलं काहीही लावायचं नाही. खाली रेघ मारली आहे, बघ.

अजून एक. झाकण कुणीही उघडो, आधी यंत्र बंद करायचं, चार्जरची वायर काढायची, आणि उघडल्यावर सर्वांत पहिल्यांदा बॅटरीचा जोड सोडवायचा. त्याआधी आत बोट घालायचं नाही. मी इसूफला सांगून पेस्ट मागवतो आणि तुझ्याकडे पाठवतो. तू ती वहिनीला दे. ती हुशार आहे, नीट करेल. तिच्यापासून लपवून काय मिळणार आहे तुला?

नागनाथदादाला नमस्कार, मांजराला कांद्याबद्दल सहानुभूती. लोभ आहेच, रागही थोडा कमी कर.

तुझा
पृथ्वीराज


॥ श्री ॥
वैराग, १३ एप्रिल २०२५

चि. पृथ्वीराज यास,
अ. उ. आ. वि. वि.

काम फत्ते झालं! तुझ्या नळीची वाट बघत बसले असते तर आषाढ उजाडला असता.

शुक्रवारी वैष्णवी आणि नागनाथ तिच्या भावाच्या लेकीच्या बारशाला कुंभारीला गेले. लॅपटॉप घरीच राहिला. शेजारच्या केराबाईला हाक मारली. ती ब्लाउज शिवते, आपलं शिवणयंत्र स्वतः खोलून तेलपाणी करते, स्क्रू तिच्या हातचा मळ आहे. तू लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं. आधी यंत्र बंद केलं, वायर काढली, झाकण उघडल्याबरोबर बॅटरीचा जोड सोडवला. विजेला मी भिते, म्हणून ते दोनदा तपासलं. केराबाईने कुठला स्क्रू कुठला, ते फडक्यावर खडूने आखून ठेवलं. तांब्याचा पत्रा उचलला तर काय, तू म्हणालास तशीच खपली! माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याने ती पुसून काढली आणि तूप लावलं.

आता तुला वाटेल आत्याने डालडा लावला. छे. गाईचं, घरचं, मी स्वतः कढवलेलं साजूक तूप. उन्हाळ्यात ते पातळ होतं म्हणून फ्रिजमध्ये ठेवून घट्ट रवाळ करून घेतलं. हात आखडता घेतला नाही, जावयाच्या पुरणपोळीवर वाढावं तसं वाढलं. तू न लावायच्या वस्तूंखाली रेघ मारली होतीस, त्यात तूप नव्हतं. मी दोन वेळा वाचून खात्री केली. पेस्ट म्हणजे तूप, हे तुझंच वाक्य आहे.

पुन्हा जोडताना एक स्क्रू उरला. केराबाई म्हणाली, शिवणयंत्रात बी एक उरतोच की, त्याबिगर यंत्राला मोकळं वाटत न्हाय. तिने तो आपल्या बटणांच्या डब्यात ठेवला आहे.

आणि गुण बघ. वैष्णवी परत आली, कामाला बसली, पंखा चूप. ती नागनाथला म्हणाली की आज यंत्र शहाण्यासारखं वागतंय, हवा बदलली वाटतं. मी भाकरी थापत राहिले. पण त्या दिवशी माझ्या भाकरी अशा फुगल्या म्हणतोस! येत्या शनिवारी तिने महेश्वरी मॅडमना पडद्यावर मोठी नक्षी दाखवायची आहे, ज्वारीच्या कणसांची. त्यावरच सगळं ठरणार. आता मला चिंता नाही.

तुझ्या दुकानात लॅपटॉप आले तर सांग, बरणीभर तूप पाठवते. कळावे, आणि जमलं तर आत्याची थोडी तारीफही करावी.

तुझी
सोजरबाई


सोलापूर, १६ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि मोडलेल्या पायावर उभा राहिलो. आईने ओरडून बसवलं.

आत्या, तूप नाही गं! वाटीचं मी उदाहरण दिलं होतं. इसूफला वाचून दाखवलं तर तो हसून हसून दुकानाचं शटर धरून उभा राहिला. त्याचं म्हणणं, खालाने वो लॅपटॉप कू बघार दिया, म्हणजे चक्क फोडणी दिली. तुला मी रागावत नाही, चूक माझीच आहे. ज्या बाईला पदार्थ करून बघायची सवय आहे तिला पदार्थाचं उदाहरण द्यायचं नसतं. आणि तूप लावून पहिल्या दिवशी गार झालं, हेही खोटं नाही. मध्ये हवेच्या जागी काहीही ओलं आलं तरी थोडे दिवस फरक पडतो. पण चिप कामाला लागली की उकळत्या चहाच्या आसपास तापते. तुझं रवाळ तूप पाणी होऊन ओघळणार, पत्रा परत कोरडा पडणार. वर वास, आणि एप्रिलच्या मुंग्या. देवाची कृपा एवढीच की तूप वीज वाहत नाही.

या पार्सलमध्ये सगळं ठेवलं आहे. पेस्टची नळी, शुद्ध स्पिरिटची छोटी बाटली, चष्मे पुसायचं फडकं, मऊ ब्रश, आणि माझं जुनं एटीएम कार्ड. आता वहिनीला सगळं सांग आणि हे पत्र तिच्या हातात दे. शनिवारच्या आत झालं पाहिजे.

वहिनी, हे तुमच्यासाठी. यंत्र बंद, चार्जर बाजूला, सुरू करायचं बटण क्षणभर दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज जाईल. नळाच्या लोखंडी तोटीला हात लावून मगच बसा, अंगातला करंट उतरतो. खाली सतरंजी नको, लाकडी पाट चालेल. उघडण्याआधी आणि प्रत्येक पायरीला फोनवर फोटो काढा. झाकण उचकटायला एटीएम कार्ड वापरा, चाकू नको. बॅटरीचा जोड सोडवा. तांब्याच्या पत्र्यावर स्क्रूंपाशी आकडे कोरलेले असतील. सोडवताना उलट्या क्रमाने, प्रत्येक थोडा थोडा सैल करत. पत्रा हिसकू नका, किंचित फिरवून उचला. फडक्याला स्पिरिट लावून चिप आणि पत्रा दोन्ही पुसा, आरसा होईपर्यंत. स्पिरिट फडक्यावर, यंत्रावर ओतायचं नाही. हात धुवायचं सॅनिटायझर अजिबात नको, त्यात पाणी असतं. कापूसही नको, त्याचे तंतू राहतात. आजूबाजूला रबरासारखे मऊ चौकोन दिसतील, ते पेस्ट समजून खरवडू नका, ते तसेच राहू द्या. पंख्यातली धूळ ब्रशने काढताना पाती बोटाने धरा, नाहीतर गरगर फिरून बिघडतात.

मग पेस्ट, ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढी, चिपच्या मधोमध. बोटाने पसरायची नाही, पत्रा दाबला की ती आपोआप पसरते. जास्त लावली तर बाहेर येते आणि काम कमी करते. इथे जावई जेवायला बसलेला नाही. पत्रा सरळ खाली ठेवा आणि स्क्रू आकड्यांप्रमाणे, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत न्या. एक आधीच पूर्ण आवळला तर दुसरी बाजू उचलली जाते. आणि केराबाईंच्या डब्यातला स्क्रू परत आणा.

आत्या, पार्सल हातात पडताच कर. तुझ्यावर लोभ आहे, तुझ्या तुपावरही आहे, पण भातावर.

तुझा
पृथ्वीराज


वैराग, २१ एप्रिल २०२५

श्री. पृथ्वीराज भावजी यांस,
वैष्णवीचा स. न. वि. वि.

तुमचा पाय बरा होत असेल अशी आशा आहे. मी पत्र लिहिते आहे याचं नवल वाटून घेऊ नका. या घरात आत्याबाईंचा आवाज बाहेर जातो आणि माझा फोन दाराआडून ऐकला जातो. तेव्हा पोस्टच बरं.

तुमचं पार्सल शनिवारी आलं नाही. एसटीचा कंडक्टर ते वैरागला उतरवायला विसरला, ते बार्शीला जाऊन रविवारी परतलं. त्यामुळे शनिवारी मी काहीही ठाऊक नसताना मॅडमसमोर बसले. सकाळपासून घरात तुपाचा वास. मला वाटलं, चांगल्या दिवसाचा शिरा होतोय. ज्वारीच्या कणसांची नक्षी पडद्यावर उलगडत होते तोच लॅपटॉपच्या जाळीतून मुंग्या बाहेर निघाल्या, पार वारूळ फुटल्यागत. त्यातली एक थेट कॅमेऱ्यावर चढली. मॅडमना तिकडे ती बैलाएवढी दिसली असणार. त्या तेलुगूत काहीतरी ओरडल्या आणि मग मराठीत म्हणाल्या की कणसं सुरेख आहेत, पण मुंगी चादरीत नको. मी उत्तर देणार तेवढ्यात पंखा ओरडला आणि पडदा काळा.

मी रडले. मग नागनाथच्या फोनवरून मॅडमची माफी मागितली. त्यांनी येत्या शुक्रवारची वेळ दिली, शेवटची म्हणाल्या. झाकण उघडलं तर आत तूप, आणि स्क्रूंना केराबाईंच्या शिवणखडूची पूड. केराबाईंना विचारलं तर त्यांनी नुसता भिंतीकडे हात केला, म्हणजे आमच्या घराकडे.

रविवारी पार्सल आलं आणि आम्ही दोघी पाटासमोर बसलो. आत्याबाई तुमचं पत्र वाचणार, तेही वरचा भाग दुमडून फक्त माझ्यापुरतं, आणि मी करणार. एकमेकींशी बोलत नव्हतो, फक्त स्क्रूंबद्दल बोलत होतो. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि सगळी गल्ली जमा झाली. समोरासमोरचे आवळ, असं त्या ओरडल्या की रस्त्यावरचा सायकलवालाही थांबायचा. पंखा साफ करताना पात्यांमागे हळदकुंकवाचा थर आणि अक्षता निघाल्या. खंडेनवमीला आत्याबाईंनी सगळ्या हत्यारांबरोबर लॅपटॉपचीही पूजा केली होती, आणि हळदकुंकू नेमकं पंख्याच्या जाळीवरच वाहिलं होतं. केराबाई म्हणाल्या, त्या तांदळाचा भात बी शिजला असंल आत. मला हसू आलं, पण मी दाबलं. तूप पुसायला स्पिरिटची बाटली जवळजवळ संपली. पेस्ट ज्वारीच्या दाण्याएवढीच लावली. आत्याबाईंना ती फार कमी वाटली, एवढ्यात काय होणार असं त्या दोनदा म्हणाल्या. केराबाईंच्या डब्यातल्या स्क्रूसकट सगळं जोडून सुरू केलं आणि मोठी नक्षी उघडून ठेवली. पंखा हलकेच फिरतो, खालून हात लावला तर कोमट. संध्याकाळपर्यंत एकदाही बंद पडला नाही.

तुमचे आभार मानते. पण एक विचारायचं आहे, म्हणून हा सगळा कागद. आत्याबाईंनी हे का केलं? ज्या बाई मिक्सरचं बटणसुद्धा मला दाबायला लावतात, त्यांनी मी घरात नसताना माझं यंत्र खोललं. का केलंत विचारलं तर म्हणतात, तुला उष्णतेचं काय कळतं. सोलापूरची गोष्ट निघाली की उलट म्हणतात, जा की, तिकडं मोठाली यंत्रं हायती. एकदाही थांब म्हणाल्या नाहीत. मला तर आता वाटतं, यंत्र बिघडावं आणि मी जावं, म्हणूनच त्यांनी तूप ओतलं. लग्न होऊन आले तेव्हापासून मला वाटायचं की त्या वरून कडक आहेत. आता वाटतं, मी त्यांना नकोच आहे. नको असेन तर शुक्रवारी काहीही होवो, कुंभारीची खोली घेतलेली बरी. तुम्ही त्यांचे लाडके, तुम्हाला ठाऊक असेल. खरं ते कळवा.

पत्र मोठं झालं. मनात राग धरू नये, आणि उत्तर टाळू नये, ही विनंती.

आपली
वैष्णवी


सोलापूर, २३ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

आज चेष्टा नाही. वहिनीला वाटतं आहे की तिने जावं म्हणून तू लॅपटॉपमध्ये तूप घातलंस. तिने मला तसं लिहिलं आहे. तुझं पहिलं पत्र माझ्या उशाशी आहे, ते तिला पाठवलं असतं तर एका मिनिटात उलगडा झाला असता. पण ते मी पाठवणार नाही. ते तू सांगायचं आहेस.

वहिनीने थांबावं म्हणून तू मला लिहिलंस, केराबाईला बोलावलंस, मांजरावर आळ घेतलास. तिला मात्र जा म्हणालीस. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय? बोलणाऱ्याची अंबाडी विकली जाते, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, हे तूच मला शिकवलंस. शुक्रवारच्या आत बोल.

रागावलीस तरी लोभ ठेव.

तुझा
पृथ्वीराज


॥ श्री ॥
वैराग, २८ एप्रिल २०२५

चि. पृथ्वीराज यास,
आत्याचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी दुपारी येडूने हातात दिलं. आधी तुझा राग आला. मग वैष्णवीचा आला. ज्या तुपाचा एक चमचा मी नागनाथच्या बापालाही मोजून वाढला, ते मी सून घालवायला यंत्रात ओतीन? घालवायचीच असती तर डालड्यात भागलं असतं. अशी रागारागाने स्वयंपाकघरात हिंडले, भांडी आपटली. पण मग पहिल्यापासून आठवून बघितलं. ती सोलापूर म्हणाली की मी जा म्हणत होते. ती कुंभारी म्हणाली की मी जा म्हणत होते. जेवताना, धुणं वाळत घालताना, जा, जा. तिने दुसरं काय समजावं? मला रडू आलं आणि केराबाईला वाटलं कांदा चिरते आहे.

तुझ्या पत्राआधीच, सकाळी, वैष्णवीची नक्षी मॅडमसमोर झाली होती. मी दाराआडून बघत होते. यंत्र शेवटपर्यंत गार राहिलं, तुझ्या त्या ज्वारीच्या दाण्याने कमाल केली. मॅडमना कणसं फार आवडली. संध्याकाळी त्यांचा फोन आला. चादर त्या विणणार आहेत, नोकरी पक्की. आणि घरून काम कर नाहीतर कारखान्यात ये, तुझी मर्जी, असं म्हणाल्या. उद्या सकाळपर्यंत कळव म्हणाल्या.

आम्ही तिघं जेवायला बसलो. कूलर सुरू होता. वैष्णवीने मॅडमचं सगळं सांगितलं आणि ताटाकडे बघत बसली. नागनाथही ताटाकडे बघत बसला. तो त्याच्या बापावर गेला आहे, घरात आग लागली तरी आधी भाजी संपवेल. माझ्या जिभेवर पुन्हा जा आलं होतं, खरं सांगते. सवयच ती. पण मी घास खाली ठेवला आणि म्हटलं, वैष्णवी, ऱ्हा की गं हितंच. तुज्याबिगर मला करमायचं न्हाय. तूप त्याच्यासाठीच घातलं हुतं.

माझा आवाज तुला ठाऊक आहे. पलीकडे केराबाईचं शिवणयंत्र थांबलं. नागनाथच्या हातातली भाकरी तशीच राहिली. वैष्णवीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि ती काहीतरी पुटपुटली. मी म्हटलं, कूलरच्या आवाजात ऐकू आलं नाही, पुन्हा सांग. ती पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, अजून नाही आलं. तेव्हा ती पोर अशी ओरडली की अंगणवाडीत मी कधी ओरडले नसेन, ऱ्हाते म्हटलं की ओ आत्याबाई, कुटंबी जात न्हाय! पलीकडून केराबाई म्हणाली, ऐकलं गं बाई, आता मलाबी ऐकू आलं, झोपा आता.

तिने मॅडमना तसं कळवलं आहे. पंधरा दिवसांतून एकदा मागावरचं काम बघायला ती सोलापूरला येईल, तेव्हा तुझ्यासाठी चटणी पाठवते. पाय टेकायला लागलास की इकडे ये. नळीत पेस्ट उरली आहे, ती तिने कपाटात कुलपात ठेवली आहे आणि किल्ली मला देत नाही.

हे पत्र कुणाला दाखवू नकोस, विशेषतः वैष्णवीला. कूलर जुना आहे, आवाज करतो, हे खरं. पण ऱ्हाते म्हणाली ते मला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.

तुझी आत्या
सोजरबाई